यामाहा एपीएक्स ६००: कोणाच्या हाताला बसेल?

ही पातळ अंगाची इलेक्ट्रो-अकूस्टिक, म्हणजे ॲम्पला जोडता येणारी गिटार. बॉडीची जाडी ८० ते ९० मिलिमीटर, त्यामुळे लहान चणीच्या वादकाचा उजवा खांदा वर उचलला जात नाही. स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६३४ मिमी. नेहमीच्या ६५० च्या मानाने तारा बोटांखाली मऊ लागतात, बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड) धरताना हात लवकर दुखत नाही.

उणं आहे ते आवाजात. खर्ज कमी. घरी ॲम्पशिवाय गाण्याला साथ करायची असेल तर ही घेऊ नका, सरळ मोठ्या बॉडीची ड्रेडनॉट गिटार घ्या. स्टेजवर मात्र हीच पातळ बॉडी कामी येते, फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारं घुमणं, कमी होतो. तरी घुमू लागलीच तर आधी बेस थोडा उतरवा, मग मिड-फ्रिक्वेन्सीची कळ फिरवून घुमणारा स्वर शोधा आणि तिथला मिड कमी करा.

दुकानात ॲम्पला जोडून सहाही तारा एकेक करून सारख्याच जोराने छेडा. एखादी दबकी वाजली तर बहुधा सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती ब्रिजवरची पट्टी) खालच्या पिझोवर, म्हणजे कंपनं टिपणाऱ्या पिकअपवर, सपाट बसलेलं नसतं. ते तिथेच नीट करून मागा. आणि वाजवून झालं की केबल काढाच. जॅकमध्ये राहिली तर गिटारमधला प्रीॲम्प (पिकअपचा सिग्नल वाढवणारं सर्किट) चालू राहतो, बॅटरी उतरते.