मार्च फील्ड एअर म्यूझियम: अर्धा मिटलेला हवाई तळ कसा बघावा

कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडजवळच्या या संग्रहालयात बहुतेक जण एसआर-७१ 'ब्लॅकबर्ड' हे वेगवान हेरगिरी विमान बघायला येतात. ते मुख्य हँगरमध्ये आहे आणि बघण्यासारखंच आहे. पण या जागेचं खरं मोल कुंपणापलीकडच्या चालू धावपट्टीमुळे आहे. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकेने हवाई तळ कसे बंद केले, काही कसे आक्रसले, नियमित (पूर्णवेळ) आणि राखीव (अर्धवेळ) दलांची माणसं एकाच विमानाभोवती कशी आणली, हे सगळं इथे उभं राहून डोळ्यांनी दिसतं. दक्षिण कॅलिफोर्नियात या विषयासाठी याहून चांगली जागा आम्हाला माहीत नाही.

आधी जाण्याचं. आय-२१५ महामार्गावर व्हॅन ब्युरेन बुलेव्हार्डचा फाटा घ्यायचा. संग्रहालय तळाच्या सुरक्षित हद्दीबाहेर आहे, त्यामुळे लष्करी पास लागत नाही. सोमवारी बंद असतं. सुट्ट्यांच्या वेळा आणि तिकिटाचे दर निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. विमानं सत्तरहून अधिक आहेत आणि त्यांतली बरीचशी उघड्यावर उभी आहेत. जून ते सप्टेंबर इथलं ऊन ३८ अंशांच्या पुढे सहज जातं आणि बाहेर सावली नावापुरतीच. म्हणून दार उघडताच आधी बाहेरचा भाग उरकावा, हँगर दुपारसाठी ठेवावा. उलट क्रमाने गेलात तर मोठी विमानं नेमकी भर उन्हात वाट्याला येतात आणि माणूस अर्ध्यातून परततो. टोपी, पाणी आणि जाड तळव्याचे बूट घ्या. निदान तीन तास हाताशी ठेवा.

थोडी पार्श्वभूमी असली तर पाहणं दुप्पट कामी येतं. मार्च हा १९१८ पासूनचा तळ. शीतयुद्धात इथे बी-५२ बॉम्बफेकी विमानं आणि हवेत इंधन भरणारे टँकर होते. अमेरिकेत तळ बंद करण्याच्या फेऱ्या १९८८, १९९१, १९९३, १९९५ आणि २००५ अशा झाल्या. १९९० च्या कायद्यानंतर त्यांची ठरलेली पद्धत अशी: संरक्षण खातं यादी देतं, स्वतंत्र आयोग ती तपासून बदलतो, राष्ट्राध्यक्षांनी ती अख्खी स्वीकारायची किंवा अख्खी परत पाठवायची, आणि संसदेने ४५ दिवसांत नाकारली नाही तर ती लागू होते. एकेक तळ वेगळा काढून वाचवता येऊ नये म्हणून ही अट आहे. १९९३ च्या फेरीत मार्च पूर्ण बंद न करता लहान करायचं ठरलं. १ एप्रिल १९९६ पासून तो 'मार्च एअर रिझर्व्ह बेस' झाला, म्हणजे यजमान आता राखीव दल.

आता बाहेरच्या मैदानात थेट सी-१४१ 'स्टारलिफ्टर' या मालवाहू विमानाकडे जा. शेजारच्या सॅन बर्नार्डिनोत नॉर्टन नावाचा तळ होता. १९६८ मध्ये तिथे याच विमानावर एक प्रयोग सुरू झाला: विमानं नियमित दलाची, पण उडवायला आणि दुरुस्त करायला राखीव दलाची तुकडीही बरोबरीने. हिशेब साधा होता. युद्धकाळात मालवाहू विमान जितके तास उडू शकतं तितके तास एक-दोन कर्मचारीसंच पुरत नाहीत, आणि शांततेत जादा संच पगारावर पोसणं परवडत नाही. मुंबईत एकच टॅक्सी दोन चालक पाळीपाळीने चालवतात, तसंच काहीसं. याला 'असोसिएट' तुकडी म्हणतात. १९९४ मध्ये नॉर्टन बंद झाला आणि तिथली राखीव ४४५ वी विंग (विंग म्हणजे हवाई दलाची मोठी तुकडी) मार्चवर येऊन पुढे ओहायोत राइट-पॅटरसनला गेली. २००६ मध्ये शेवटचं सी-१४१ निवृत्त केलं ते याच विंगने. विमानाजवळ गेल्यावर दोन गोष्टी शोधा. एक, पंखांच्या पुढे आणि मागे धडात घातलेले जादा तुकडे; मूळ विमानाची जागा वजनमर्यादेच्या आधीच भरून जायची, म्हणून ते सुमारे २३ फूट लांबवलं. दुसरं, कॉकपिटच्या वरचा फुगवटा. हवेत इंधन घेण्याची सोय तिथे आहे. ही सोय नसती तर टँकर तुकड्यांशी त्याचा संबंधच आला नसता.

मग केसी-१३५, हवेत इंधन भरणारं टँकर विमान. इथलं जुन्या 'ए' प्रकारचं आहे, बारीक इंजिनांचं. उड्डाणाच्या वेळी जोर वाढवायला त्यांत पाणी फवारावं लागे, आणि पाणी संपायच्या आत पुरेशी उंची गाठावी लागे. धावपट्टीच्या बाजूला नंतरच्या 'आर' प्रकारचं उभं असेल तर त्याची जाडजूड इंजिनं लगेच ओळखू येतील. २०१० मध्ये इथे उलटा प्रयोग झाला: टँकर राखीव ४५२ व्या विंगचे आणि नियमित दलाचं ९१२ वं स्क्वाड्रन त्यांच्याकडे येऊन उडू लागलं. यात फायदा ठळक आहे. नियमित दलातला तरुण वैमानिक तीन-चार वर्षांत बदलून जातो. राखीव दलातला मेकॅनिक त्याच विमानावर वीस वर्षं असू शकतो. अनुभव एकीकडे, मोकळे हात दुसरीकडे.

अडतं कुठे, तेही समजून घ्या. शिस्त, बढती, मूल्यमापन या बाबी प्रत्येकाच्या स्वतःच्या दलाकडे राहतात, रोजचं काम मात्र एकत्र. त्यामुळे एकाच विमानापाशी दोन हुकूमसाखळ्या असतात. राखीव माणसाचा ठरलेला सराव महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोन आठवडे. नियमित माणूस सोमवार ते शुक्रवार. दोघांना एकत्र शिकवायचं तर वेळापत्रकच जुळत नाही. मधला दुवा असतो 'एअर रिझर्व्ह टेक्निशियन', म्हणजे आठवडाभर नागरी सरकारी नोकर आणि सरावाच्या वेळी गणवेशात. विमान कंपन्यांची भरती वाढली की हीच माणसं आधी निघून जातात. कागदावर एकत्रीकरण झालं आणि या जागा रिकाम्या राहिल्या, तर ती जोडणी नावालाच उरते.

संग्रहालयातली आमची मुख्य तक्रार इथेच आहे. पाट्या विमानाबद्दल भरपूर सांगतात. ते कोणाच्या मालकीचं, कोणी उडवलं आणि तुकडी का हलली, हा धागा आपल्यालाच जोडावा लागतो. २००५ च्या फेरीत याच धावपट्टीवरच्या एअर नॅशनल गार्डच्या (राज्यांच्या राखीव हवाई दलाच्या) १६३ व्या विंगचे टँकर काढून घेतले आणि काही शेजारच्या ४५२ व्या विंगला दिले. १६३ व्या विंगकडे प्रिडेटर ड्रोन आले. एकाच तळावर, रस्त्याच्या अलीकडून पलीकडे विमानं गेली! एवढी बोलकी घटना एका मोठ्या नकाशावर मांडायला हवी. त्या फेरीचा एकूण खर्च २१ अब्ज डॉलरच्या अंदाजावरून सुमारे ३५ अब्जांवर गेला, हेही शेजारी लिहावं. तळ बंद करण्यात वाचणारा पैसा खूप उशिरा दिसतो, खर्च मात्र आधी करावा लागतो.

माहिती देणारे स्वयंसेवक असतील तर त्यांना विमानाचा वेग विचारू नका, "ही तुकडी इथून कुठे गेली?" असं विचारा. उत्तर मिळालं तर सगळी भेट सार्थकी लागते.

गाडी असेल तर संग्रहालयानंतर दोन थांबे जोडा. मार्चच्या सोडलेल्या जमिनीवर रिव्हरसाइड काउंटी आणि तीन शहरांच्या संयुक्त प्राधिकरणाने विकास केला. २१५ लगतची प्रचंड गोदामं त्यातलीच. उड्डाणमार्गाखाली दाट वस्ती करता येत नाही, हे गोदामं होण्याचं एक कारण. ट्रकांमुळे दुपारी तीननंतर हा रस्ता तुंबतो, वेळेचा हिशेब तसा ठेवा. उत्तरेला नॉर्टन आता सॅन बर्नार्डिनोचा विमानतळ आहे आणि ॲमेझॉनची मालवाहू विमानं तिथून जातात. त्याहून पुढे, कहोन घाट चढून व्हिक्टरव्हिलला, १९९२ मध्ये बंद झालेला जॉर्ज तळ आहे. कोरड्या हवेमुळे तिथे कामाबाहेर गेलेली प्रवासी विमानं रांगेने उभी असतात. ती बाहेरच्या रस्त्यावरूनच दिसतात, आत सोडत नाहीत. मार्च, नॉर्टन आणि जॉर्ज या तिन्ही तळांच्या भूजलात जुनी विद्रावकं, म्हणजे यंत्रभाग साफ करायची रसायनं, मुरलेली सापडली आणि तिन्ही केंद्र सरकारच्या 'सुपरफंड' सफाई यादीत गेले. जमीन हस्तांतराला वर्षानुवर्षं लागली त्यात या सफाईचा वाटा मोठा आहे.

लहान मुलं बरोबर असतील तर व्हिक्टरव्हिल सोडा. एका दिवसात फार होतं. फक्त लढाऊ विमानांची आवड असेल तर इथे दोन तास पुरतील. टँकर, मालवाहू आणि तळांच्या इतिहासात रस असेल तर मात्र दिवस राखून या. आमच्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा त्या नकाशासाठी राखून ठेवला आहे.