स्वस्तातलं फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० अख्खा हिवाळा वापरलं, त्याचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. थंडी पडायच्या आधी गाडीत स्वस्तातलं फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० टाकलं होतं, अख्खा हिवाळा त्याच्यावर काढला, आता ते बदलायची वेळ आलीय आणि मी परत तेच टाकणार आहे. दुप्पट पैसे देऊन वरच्या रेंजचं घेतलं असतं तर सकाळी गाडी चालू होण्यात काही फरक पडला असता असं मला अजिबात वाटत नाही. का वाटत नाही तेच नीट लिहितोय, कारण ऑइल निवडताना बहुतेक जण डब्याची पुढची बाजू बघतात आणि कामाची माहिती सगळी मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते.

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. एकाच नावाचं ऑइल वेगवेगळ्या देशांत वेगळ्या फॉर्म्युल्याने विकलं जातं, आणि तोच डबा दिसत असला तरी आतला माल काही वर्षांनी बदललेला असू शकतो, त्यामुळे नाव सांगून तुमचा फायदा कमीच. माझ्या डब्यावर काय छापलं होतं ते जास्त महत्त्वाचं: एसएई ५डब्ल्यू-३० (हा दाटपणाचा ग्रेड), एपीआय एसपी आणि इलसॅक जीएफ-६ए (ही दोन ऑइलच्या दर्जाची मानकं). गाडीच्या मॅन्युअलमध्ये हेच मागितलंय. इंजिन छोटं टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनवालं (म्हणजे पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये फवारणारं), गाडी रात्रभर उघड्यावर उभी, पारा बऱ्याचदा मायनस वीसच्या आसपास आणि काही रात्री त्याच्याही खाली.

आता त्या ५डब्ल्यू बद्दल. डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो, नंतरचा ३० हा इंजिन गरम झाल्यावरचा. एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या जे३०० नावाच्या स्टँडर्डमध्ये प्रत्येक डब्ल्यू ग्रेडला दोन परीक्षा आहेत. पहिली क्रँकिंगची, म्हणजे सेल मारल्यावर स्टार्टरला इंजिन फिरवता येईल इतकं ऑइल पातळ राहतंय का, आणि दुसरी पंपिंगची, म्हणजे इंजिन फिरलं तरी पंपाला ते खालून ओढून वर बेअरिंगपर्यंत नेता येतंय का. ५डब्ल्यूची क्रँकिंग परीक्षा मायनस ३० ला होते आणि पंपिंगची मायनस ३५ ला, ०डब्ल्यूला दोन्हीकडे अजून पाच अंश खाली, १०डब्ल्यूला पाच अंश वर, १५डब्ल्यूची तर क्रँकिंग मायनस २० ला आणि पंपिंग मायनस २५ ला. पंपिंगची परीक्षा पाच अंश जास्त थंडीत का घेतात ते लक्षात घ्या, कारण हे फार शहाणपणाचं आहे: इंजिन चालू झालं पण ऑइल वर पोचलंच नाही असं होण्यापेक्षा इंजिन चालूच न झालेलं परवडलं, निदान बेअरिंग तरी वाचतात.

म्हणजे तुमच्याकडे मायनस वीस पंचवीस होत असेल तर ५डब्ल्यू पुरतं, हाताशी थोडी जागाही राहते. मायनस तीसच्या खाली नेहमी जात असेल आणि मॅन्युअलमध्ये चालत असेल तर सरळ ०डब्ल्यू घ्या, तिथे पैसे वाचवू नका. आणि जिथे शून्याच्या आसपासच थंडी असते तिथे ०डब्ल्यूसाठी धडपडायची गरज नाही, मॅन्युअलमधलं १०डब्ल्यू सुद्धा आरामात चालतं. ०डब्ल्यू म्हणजे पाण्यासारखं पातळ, इंजिन खराब करेल, ही भीती खूप ऐकायला मिळते पण ती खोटी आहे. ०डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-३० दोन्ही १०० अंशांना दाटपणाच्या एकाच पट्ट्यात असतात, ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (दाटपणाचं एकक). आणि थंडीत कुठलंच ऑइल पातळ नसतं, ५डब्ल्यू-३० मायनस ३० ला गरम असतानापेक्षा कित्येक शे पट घट्ट असतं, ०डब्ल्यू फक्त त्यातल्या त्यात कमी घट्ट.

निवड करताना माझ्या सगळ्यात उपयोगी पडली ती कंपनीची डेटा शीट. फुकट मिळते, एक-दोन पानांची असते. त्यात क्रँकिंगचा आकडा सीसीएस या नावाखाली असतो, जितका कमी तितकं ऑइल थंडीत पातळ. ५डब्ल्यूला मायनस ३० ला ६६०० पर्यंत परवानगी आहे, तर कुणाचा ६४०० असतो आणि कुणाचा ४५०० च्या आसपास, आणि डब्यावर मात्र दोघांच्याही ५डब्ल्यूच लिहिलेलं! इतक्या थंडीत तापमान पाचेक अंश उतरलं की दाटपणा ढोबळमानाने दुप्पटीकडे जातो, म्हणून हा फरक किरकोळ नाही. मी ज्या चार-पाच ऑइलच्या शीट चाळल्या त्यात माझ्या स्वस्तवाल्याचा आकडा एका नावाजलेल्या महागड्या ऑइलपेक्षा चांगला निघाला, तिथेच माझं ठरलं. पंपिंगचा एमआरव्ही आकडा दिला असेल तर तोही बघा, मर्यादा ६०,००० ची आहे आणि चांगलं ऑइल तिच्यापासून बरंच लांब असतं. काही कंपन्या दोन्ही आकडे देतच नाहीत, फक्त पोअर पॉइंट, म्हणजे ऑइल जेमतेम हलतं ते सगळ्यात कमी तापमान, मोठ्या अक्षरात देतात, अशी ऑइल मी यादीतून काढून टाकली.

पोअर पॉइंटवर का जायचं नाही याला जुना आणि महागात पडलेला इतिहास आहे. अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातल्या सू फॉल्सला १९८०-८१ च्या हिवाळ्यात बरीच इंजिनं ऑइल वर न पोचल्याने बसली. ऑइल तेव्हाच्या चाचण्यांत पास होतं. पण तिथे पारा ज्या पद्धतीने हळूहळू उतरत गेला त्यात ऑइलमधल्या मेणाचं जाळं तयार झालं आणि ऑइल सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, जेलीसारखं धरून बसलं, पंपाने थोडं ओढलं की तिथे खड्डा पडणार आणि मग पंप नुसती हवा ओढणार. त्यानंतर ऑइल जवळपास दोन दिवस अगदी सावकाश थंड करून मोजायची पद्धत आली, आजची एमआरव्ही चाचणी तीच. बाटली तिरकी करून ऑइल हलतंय का एवढं बघणाऱ्या पोअर पॉइंटला यातलं काही कळत नाही.

मेणावरूनच सिंथेटिकचा मुद्दा. साध्या मिनरल ऑइलमध्ये सरळ साखळ्यांचं मेण उरलेलं असतं, थंडीत त्याचे स्फटिक होतात. सिंथेटिकमध्ये दोन घराणी: ग्रुप ४ म्हणजे पीएओ, जे छोट्या रेणूंपासून बनवतात आणि त्यात मेण नसतंच, आणि ग्रुप ३, जे कच्च्या तेलापासूनच येतं पण हायड्रोजनची प्रक्रिया करून त्या सरळ साखळ्यांना फांद्या फोडतात म्हणजे ते सहजासहजी गोठत नाही. स्वस्तातलं फुल सिंथेटिक जवळपास नेहमी ग्रुप ३ असतं. याला सिंथेटिक म्हणायचं का यावर मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांचा अमेरिकेत वाद झाला होता आणि १९९९ मध्ये जाहिरातींवरच्या तक्रारी बघणाऱ्या नॅशनल ॲडव्हर्टायझिंग डिव्हिजनने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला, तेव्हापासून हे शेल्फवर उघडपणे सिंथेटिक म्हणून आलं. काही जण अजून याला नकली सिंथेटिक म्हणून नाक मुरडतात. मायनस चाळीसच्या प्रदेशात पीएओला खरंच तोड नाही हे मान्य, पण मायनस पंचवीसला परीक्षा पास झालेलं ग्रुप ३ घ्यायला कसलीच लाज नको.

आता प्रत्यक्ष. आधी गाडीत १०डब्ल्यू-४० सेमी सिंथेटिक असायचं, जुन्या मालकाच्या वेळचं. त्याच्यावर मायनस पंधराच्या पुढे सेल मारला की इंजिन जड जड फिरायचं, चालू झाल्यावर वरून टकटक यायची आणि ती जायला वेळ लागायचा. ५डब्ल्यू-३० वर सगळ्यात थंड सकाळी सुद्धा इंजिन लगेच पकडतं, टकटक येते पण एक-दोन सेकंदांत बंद. ऑइलचा दिवा लगेच विझतो. बॅटरी तीच आहे, म्हणून याचं श्रेय ऑइललाच देतो. अर्थात बॅटरी म्हातारी असेल तर कितीही भारी ऑइल टाका, मायनस अठराला बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि तेव्हाच स्टार्टरला जास्त ताकद हवी असते, त्यामुळे ऑइलला दोष द्यायच्या आधी ती चेक करा. पेट्रोलच्या खर्चात म्हणाल तर मला फरक जाणवला नाही, थंडीत तसाही ॲव्हरेज पडतो.

डिपस्टिकची गंमत मात्र सांगायलाच हवी. हिवाळाभर लेव्हल जराही खाली आली नाही. ऐकायला छान वाटतं, पण याचा अर्थ गाडी ऑइल खात नाही असा लगेच काढू नका. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात थंडीत जवळजवळची चक्कर असली की थोडं पेट्रोल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, त्यामुळे ऑइल जळत असलं तरी लेव्हल भरलेली दिसते. माझ्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता, मग हायवेवर लांब जाऊन आलो, ऑइल व्यवस्थित तापलं, पेट्रोल उडून गेलं आणि लेव्हल किंचित खाली आलेली दिसली, ती खरी लेव्हल. फिलर कॅपच्या आत पांढरट पिवळा फेसासारखा थर दिसला तर तोही बहुतेक वेळा असाच, आत जमलेल्या बाष्पाचा, मोठ्या रनमध्ये जातो. जात नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर मात्र ताबडतोब मेकॅनिककडे.

याच कारणाने स्वस्त ऑइल इथे शोभतं. जवळपास प्रत्येक मॅन्युअलमध्ये गोठवणाऱ्या थंडीतल्या छोट्या फेऱ्यांना सिव्हिअर म्हणजे कठीण वापर म्हटलेलं असतं आणि अशा वापराला ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. पेट्रोल आणि पाणी मिसळलेलं ऑइल महागडं असलं तरी ते पेट्रोल आणि पाणी मिसळलेलंच! जास्त पैसे दिले म्हणून मन धजावत नाही आणि माणूस तेच ऑइल ओढत राहतो, त्यापेक्षा एपीआयचं लायसन्स असलेलं स्वस्त ऑइल घ्या आणि वेळेवर काढून टाका, इंजिनला ते कितीतरी मानवतं. जीएफ-६ चा अजून एक फायदा, यात ऑइल जुनं झाल्यावरही थंडीत पंप होतंय का याची चाचणी आहे, फक्त नव्याची नाही. आणि एपीआय एसपीमध्ये टर्बो इंजिनातल्या कमी आरपीएमवरच्या अवेळी स्फोटाची, एलएसपीआयची परीक्षा आहे, छोटं टर्बो असेल तर एसपीच्या खालचं घेऊच नका.

पण एक सावधगिरी, आणि ही नीट वाचा. सगळी ५डब्ल्यू-३० एक नसतात. मॅन्युअलमध्ये एसीईए (युरोपियन गाडी कंपन्यांचं मानक) सी३ किंवा ए३/बी४ लिहिलं असेल तर त्या इंजिनाला गरम असताना आणि जोरात रगडलं जात असतानाही ऑइल दाट राहायला हवं असतं, त्या दाटपणाच्या आकड्याला एचटीएचएस म्हणतात, तो किमान ३.५. माझ्यासारख्या इलसॅकवाल्या ५डब्ल्यू-३० ला २.९ सुद्धा पुरतो. म्हणून माझं स्वस्त ऑइल बऱ्याच युरोपियन गाड्यांना चालणार नाही, आणि डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) गाडीत कमी राखेचंच ऑइल लागतं, नाहीतर फिल्टर लवकर चोंदतो. फोक्सवॅगन ५०४ ००, मर्सिडीज २२९.५ असं काही मॅन्युअलमध्ये असेल तर डब्यावर त्या नंबरचं अप्रूव्हल छापलेलं बघा. "यासाठी योग्य" किंवा "रेकमेंडेड" हे ऑइल कंपनीचं स्वतःचं म्हणणं असतं, अप्रूव्हल गाडी कंपनीने दिलेलं असतं. एपीआयचं गोल डोनटसारखं चिन्ह असेल तर लायसन्स खरं आहे का ते त्यांच्या ऑनलाइन यादीत शोधता येतं, मी शोधलं, दोन मिनिटांचं काम.

वाचवलेल्या पैशातून फिल्टर मात्र चांगला घेतला. फिल्टरमध्ये एक रबरी व्हॉल्व्ह असतो जो इंजिन बंद असताना ऑइल परत खाली वाहू देत नाही, स्वस्त फिल्टरमधलं साधं रबर थंडीत कडक पडतं, सिलिकॉनचं लवचिक राहतं. सकाळची टकटक लवकर थांबते त्यात याचाही वाटा असावा.

चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबतो आणि हळू निघतो. उभ्या गाडीत दहा-दहा मिनिटं इंजिन तापवत बसलं की उलट पेट्रोलच जास्त खाली उतरतं. आणि टेंपरेचरचा काटा मधोमध आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, कूलंट आधी तापतं, ऑइल त्याच्या बरंच मागून येतं, तोवर ॲक्सिलरेटर दाबायचा नाही.

आता काढलेलं ऑइल काळं आहे पण हाताला कचकच लागत नाही, ड्रेन प्लगच्या चुंबकावर नेहमीची बारीक राखाडी पेस्ट, चमकणारे कण नाहीत. पुढच्या थंडीच्या आधी त्याच ऑइलची नवीन डेटा शीट परत उघडून सीसीएसचा आकडा बदललाय का बघणार, तसाच असेल तर हाच डबा.