मुंडगोड कॅम्पातलं थेंटुक: 4 स्टार, एक सर्व्हिसपायी कापला

रविवारी बेळगावातनं सकाळी निघालो, खानापूर हल्याळ करत मुंडगोडला पोचेपर्यंत साडेअकरा. कॅम्प म्हणजे आपला मिलिटरीवाला नव्हे हं, तिबेटी लोकांचा. तंबू बिंबू काय नाही, पक्की घरं, मक्याची शेतं आणि गांदेन, द्रेपुंग असे दोन मोठे मठ. 1966 ला म्हैसूर सरकारनं जंगलाची साधारण 4000 एकर जमीन दिली, ती साफ करून बसलेली वस्ती. तरी नाव अजून कॅम्पच.

हॉटेल लहान, सहा टेबलं, पाटी तिबेटीत. थेंटुक म्हणजे हातानं तोडून टाकलेल्या चपट्या नूडल्सचं सूप, 120 रुपयात एवढा मोठा वाडगा की दोघांना पुरला. मोमोचं आवरण जरा जाड, सारण भारी. चटणी हावेरीकडच्या ब्याडगी मिरचीची, म्हणजे ती पण आता इकडचीच झाली म्हणा की. लोण्याचा खारट चहा मला काय झेपला नाही, मित्रानं मात्र दोन कप मारले.

ऑर्डर यायला पाऊण तास. नेटवर्क नाही, यूपीआय चालेना, मग मी जाऊन गल्ल्यावर उभारलो तर अक्का चक्क मराठीत, "बेळगाव काय? स्वेटर घेतलायसा कधी आमच्याकडनं?" आईवडलांबरोबर थंडीत बेळगावला स्वेटर विकायला यायची म्हणे. जन्म इथलाच, 1974 चा. म्हटलं मग तुम्ही भारतीयच की, कायद्यानं 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 मधे इथं जन्मलेला नागरिकच. हसली. म्हणाली पासपोर्ट काढायचा तर आरसी (तिबेटी निर्वासितांचं नोंदणी प्रमाणपत्र) परत करा, कॅम्पात राहू नका अशा अटी 2017 ला आल्या, मग हे हॉटेल कुठं न्यायचं, म्हातारीला कुठं ठेवायचं? तिबेटी लोकांच्या पुनर्वसनाच्या 2014 च्या सरकारी पॉलिसीत कॅम्पाच्या जमिनीला 20 वर्षांची लीज आहे, पण लीज ती लीजच. निर्वासितांसाठी यूएनवाले तीनच वाटा सांगतात, माघारी जा, आहे तिथलेच व्हा, नाहीतर तिसऱ्या देशात जा. हिच्या एका घरात तिन्ही आहेत, म्हातारी ल्हासाचं नाव काढती, पोरगी कॅनडात नर्स आणि ही मधल्यामधे मोमो वळत्या. आपण 1956 पासून राज्य कुठलं म्हणून भांडतोय, पण घराचा उतारा तरी आपल्या नावावर आहे. तिला म्हटलं तसं, तर म्हणाली भाऊ, सुट्टे द्या आधी.

जाणार असाल तर कॅश घेऊन जावा आणि बाराच्या आत पोचा, नंतर भिक्खूंची गर्दी होते आणि टिंगमो, म्हणजे वाफवलेला तिबेटी पाव, संपतो. आम्हाला नाही मिळाला.