स्पेक्ट्रम प्लस: काटकसरीने मोठा केलेला आणि काटकसरीनेच अडवलेला संगणक

पंचवटीतील मामांच्या वाड्याच्या माळ्यावरून त्यांचा स्पेक्ट्रम प्लस खाली काढला, तेव्हा तो पुन्हा चालेल अशी आशा नव्हती. कळफलकाखालचा पातळ पडदा वाळून तडकला होता. मी मागवलेला नवा पडदा एम. जी. रोडवरील एका वयस्कर कारागिराने बसवून दिला आणि गेले तीन आठवडे मी हा संगणक रोज वापरत आहे.

ब्रिटिश संशोधक क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये मूळ स्पेक्ट्रम विक्रीस आणला, तेव्हा १६ किलोबाइट मेमरीच्या नमुन्याची किंमत १२५ पौंड होती. एवढ्या पैशांत रंगीत चित्र देणे शक्य झाले, कारण चित्र दाखवण्याचे काम घरच्या टीव्हीवर आणि साठवणीचे काम कॅसेट प्लेअरवर सोपवले होते. रंगांची युक्ती तर मला आजही थक्क करते. प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा न साठवता ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून दोनच रंग दिल्यामुळे २५६ बाय १९२ ठिपक्यांचे संपूर्ण चित्र ६,९१२ बाइटमध्ये मावते. दोन आकृत्या जवळ आल्या की एकीचा रंग दुसरीला लागतो, हा त्याच युक्तीचा दोष.

कार्यक्रम (प्रोग्राम) भरण्यासाठी ‘जे’ ही एकच कळ दाबली की ‘लोड’ हा पूर्ण शब्द उमटतो. हे अंगवळणी पडले की फार सुखाचे वाटते. कॅसेटवरून मोठा कार्यक्रम भरायला मात्र पाचेक मिनिटे लागतात आणि प्लेअरचे टेप वाचणारे हेड थोडे जरी सरकलेले असले, तरी सगळे पुन्हा करावे लागते.

माझा खरा आक्षेप ‘प्लस’ या शब्दावर आहे. ऑक्टोबर १९८४ मध्ये आलेल्या या नमुन्यात कडक कळा आणि रीसेटचे बटण एवढेच नवे होते. आत तोच ४८ किलोबाइटचा बोर्ड आणि तोच एकसुरी आवाज होता, आणि तोही अशा वेळी, जेव्हा कमोडोर ६४ या स्पर्धक संगणकामध्ये तीन स्वरांची स्वतंत्र ध्वनी-चिप होती. कंपनीचे लक्ष दुसरीकडे होते. जानेवारी १९८४ मध्ये जाहीर केलेला क्यूएल हा कंपनीचा नवा संगणक ग्राहकांच्या हाती उशिरा पडला आणि त्यावर स्पेक्ट्रमचे कार्यक्रम चालत नव्हते. वर्षभराने आलेले सी५ हे विजेवरचे वाहनही फसले. चांगला आवाज आणि अधिक मेमरी असलेला स्पेक्ट्रम १२८ ब्रिटनमध्ये १९८६ च्या आरंभी पोहोचला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिंक्लेअरचे नाव व संगणक ५० लाख पौंडांना दुसऱ्या ब्रिटिश कंपनीकडे, म्हणजे अ‍ॅमस्ट्रॅडकडे गेले. अ‍ॅमस्ट्रॅडने कॅसेट प्लेअर आतच बसवला, ही सोय उत्तम होती. पण झेड८० हा ८-बिट प्रोसेसर तोच राहिला, आणि समोर अमिगा व अटारी एसटी हे अधिक ताकदीचे संगणक उभे होते. १९९२ मध्ये उत्पादन थांबले.

भारतात डेसिबेल्स कंपनीने १९८८ मध्ये परवान्याने जो विकला, तो हाच प्लस. मामांनी तेव्हा नवा म्हणून घेतलेल्या यंत्राचे अंतरंग सहा वर्षांपूर्वीचे होते, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यांनी त्यावर बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा अतिशय मनापासून शिकून घेतली होती.

प्रोग्रामिंगची मुळाक्षरे गिरवायची असतील, तर हा संगणक आजही अवश्य घ्यावा. विकत घेताना प्रत्येक कळ दाबून पाहावी आणि कळफलकाखालचा पडदा बदलण्याचा खर्च किमतीतच धरावा.