अल्डोस्टेरॉन-रेनिन चाचणी, घोडबंदर रोड: घरपोच सेवेला दोन तारे, केंद्राला चार

लॅब एकच, मशीन एकच. तरी ठाण्यात मानपाड्याजवळच्या या लॅबच्या घरपोच सेवेला पाचपैकी दोन आणि केंद्राला चार तारे, कारण या चाचणीत रक्त काढण्याआधीचे दोन तास मशीनपेक्षा मोलाचे असतात.

अल्डोस्टेरॉन हे मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत बनणारं स्टेरॉइड संप्रेरक. शरीरात मीठ धरून ठेवायचं आणि पोटॅशियम लघवीवाटे सोडायचं, हे त्याचं काम. ग्रंथी गरज नसताना ते बनवत राहिली (जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णन केलेला आजार) की बीपी चढतं. शिवाय रक्तवाहिनीच्या अस्तरातलं नायट्रिक ऑक्साइड घटतं, भिंतीत तंतू साचून ती ताठ होते. म्हणून बीपीचा आकडा सारखा असला तरी या रुग्णांना पक्षाघाताचा धोका जास्त. फ्रान्समधल्या २००५ च्या एका अभ्यासात या आजाराच्या १२.९ टक्के रुग्णांना पक्षाघात होऊन गेला होता, तर नेहमीच्या बीपीवाल्यांत ३.४ टक्क्यांना. अल्डोस्टेरॉन बनवायचा इशारा मूत्रपिंडातून येणारं रेनिन देतं; या आजारात रेनिन दबतं, म्हणून चाचणीत अल्डोस्टेरॉन भागिले रेनिन हे गुणोत्तर बघतात. तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल, पोटॅशियम कमी असेल किंवा चाळिशीच्या आत बीपी लागलं असेल, तर डॉक्टरांकडे ही चाचणी नक्की मागावी.

आता घरपोच सेवेचं. स्लॉट सकाळी सहा ते सातचा. माणूस नुकताच अंथरुणातून उठलेला असतो. चाचणीला मात्र किमान दोन तास उठून-फिरून, मग ५ ते १५ मिनिटं बसून दिलेलं, सकाळी उशिराचं रक्त हवं. उपाशी राहायची गरज नाही, तरी मेसेजमध्ये बारा तास उपवास सांगतात. सगळ्यात मोठी चूक बर्फाच्या पेटीची. रेनिनची नळी थंड केली की रक्तातलं प्रोरेनिन (रेनिनचं कच्चं रूप) रेनिनमध्ये बदलतं, रेनिन खोटंच वाढलेलं दिसतं, गुणोत्तर खाली येतं आणि आजार निसटतो. ती नळी साध्या तापमानाला न्यायची, प्लाझ्मा वेगळा करून झटपट गोठवायचा. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दुपारपर्यंत फिरणाऱ्या बॅगेत हे जमणं कठीण.

केंद्रावर वेळ दहाची मिळते, रुग्णाला खुर्चीत दहा मिनिटं बसवतात, मूठ आवळायला लावत नाहीत (आवळली की पोटॅशियम खोटं वाढतं) आणि प्लाझ्मा वेगळा करणारं सेंट्रिफ्यूज तिथेच आहे. पोटॅशियम त्याच दिवशी तपासतात, हे विशेष चांगलं: ते कमी असेल तर अल्डोस्टेरॉनही दबलेलं दिसतं.

एक तारा कापला तो गोळ्यांबद्दल कुणी विचारत नाही म्हणून. स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोन (अल्डोस्टेरॉनला अडवणाऱ्या गोळ्या) सहसा चार आठवडे आधी थांबवतात. बीपीच्या टेल्मिसार्टनने रेनिन वाढतं, आजार लपू शकतो. तरीही रेनिन तळाला असेल तर संशय उलट पक्का होतो. बीपीच्याच मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलने किंवा वेदनाशामक डायक्लोफिनॅकने रेनिन घटून नसलेला आजार दिसू शकतो. यातली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका; काय थांबवायचं आणि बदली काय द्यायचं, ते डॉक्टरच ठरवतील. खोकल्याच्या काढ्यातलं ज्येष्ठमधही चार आठवडे बंद, कारण त्याचा परिणाम अल्डोस्टेरॉनसारखाच होऊन रेनिन दबतं. आणि चाचणीसाठी म्हणून अळणी जेवण सुरू करू नका, मीठ तोडलं की रेनिन वाढतं.

रिपोर्टमध्ये गुणोत्तराखाली लाल खूण नसली तरी एकक बघा. अल्डोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि रेनिनची सक्रियता मोजली असेल तर बऱ्याचदा ३० च्या वर संशय धरतात. रेनिन थेट मिलीयुनिट प्रति लिटरमध्ये मोजलं असेल तर तीच रेषा ३.७ वर येते. ही लॅब थेट रेनिन मोजते, पण रिपोर्टवर मर्यादा मात्र ३० छापते. फोन केल्यावर दुरुस्त रिपोर्ट त्याच संध्याकाळी मिळतो, तेवढा फोन जरूर करा.