दुर्मिळ अमोनाइट म्हणून गाठी चिकटवलेला शाळीग्राम गळ्यात मारला, तुम्ही जपा

गेल्या वर्षी आईला घेऊन नेपाळमध्ये मुक्तिनाथला गेलो होतो. परत येताना जोमसोमला शाळीग्राम विकणाऱ्यांकडे आई देव्हाऱ्यासाठी चक्र असलेला एक बघत होती आणि मी त्या विक्रेत्याला हा कुठल्या थरातला वगैरे विचारत बसलो, कारण मला अमोनाइटचा, म्हणजे दगड झालेल्या जुन्या समुद्री शंखांचा, नाद आहे, कच्छला त्यासाठी दोनदा जाऊन आलोय. त्याने ओळखलं की हा देवासाठी नाही, अमोनाइटच्या दुर्मिळ प्रकारासाठी पैसे मोजणारा माणूस आहे. नंबर घेतला.

दोन महिन्यांनी पुण्यात असताना व्हॉट्सॲपवर फोटो. "भैया, हिमालयाइटिस है, दस साल में एक मिलता है." सोबत सही शिक्क्याचं सर्टिफिकेट. किंमत २२ हजार, आधी पूर्ण पैसे.

आता हे नाव खोटं नाही, हिमालयाइटिस हा अमोनाइटचा प्रकार खरंच आहे. काली गंडकी नदीतले शाळीग्राम म्हणजे बहुतेक स्पिती शेल नावाच्या काळ्या थरातले, साधारण १४-१५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले अमोनाइट. उलिग या जीवाश्म-अभ्यासकांनी १९०३ ते १९१० मध्ये या थरातल्या जातींवर मोठं काम छापलं, त्यात हा आहे. तिथे सगळ्यात जास्त मिळतो तो ब्लॅनफोर्डिसेरास, त्याचे कंगोरे, म्हणजे शंखावरच्या उभ्या रेषा, मध्यावर येऊन दोन-दोन होतात. हिमालयाइटिस जाडसर, फुगीर असतो आणि जिथे कंगोरा फुटतो बरोब्बर तिथे गाठ असते, एका गाठीतून दोन-तीन कंगोरे निघतात. म्हणजे फरक डोळ्यात भरतो तो गाठीचा, आणि नेमकी गाठच बनवायला सोपी.

पार्सल आलं, वजन बरोबर, दगड बरोबर, मी इतका खूश की आईला हातात दिला. तिनेच विचारलं, "अरे हे फोड वेगळेच चमकतायत ना?" मी मनावर घेतलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आठवड्याने ओळखीच्या भूगर्भशास्त्राच्या सरांकडे नेला. त्यांनी दहापटीच्या भिंगाखाली धरला आणि मला म्हणाले, गाठी मोज आणि कंगोरे कुठे फुटतात ते बघ. चौदा गाठी, सगळ्या सारख्या अंतरावर, आणि त्यातल्या पाच तर चक्क दोन कंगोऱ्यांच्या मधल्या खोबणीत. कंगोरे त्यांच्या बाजूने आपले सरळ वर जाऊन वेगळ्याच जागी फुटत होते. गाठीवर बारीक गोल छिद्रं, ते रेझिनमधले हवेचे बुडबुडे. मग सरांनी कापसावर ॲसिटोन घेऊन एक गाठ हलकेच पुसली, कापूस काळा झाला आणि खाली पिवळट काहीतरी दिसायला लागलं, नख लावलं तर नख रुतलं. दगडात नख रुतत नाही हो.

म्हणजे खाली खरा ब्लॅनफोर्डिसेरास होता, चौदा-पंधरा कोटी वर्षं टिकलेला, आणि त्यावर रेझिन आणि दगडाची पूड कालवून गाठी बसवलेल्या. पैशापेक्षा हे जास्त लागलं मला. चांगला नमुना होता, आता गाठी काढल्या तर खालचे कंगोरेही निघतात, दोन ठिकाणी निघालेच.

फोन केला तर आधी म्हणाला लॅबची चूक, मग ब्लॉक. सर्टिफिकेटवरच्या लॅबचा पत्ताच नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

हे आज लिहायचं कारण म्हणजे कोल्हापूरच्या एका मित्राला परवा दुसऱ्याच नंबरवरून फोटो आला, तोच लाकडी टेबल, तसाच चौदा गाठींचा पीस, किंमत आता २८ हजार. मी त्याला सांगितलं की दोनच गोष्टी माग, उन्हात धरून कडेने काढलेला व्हिडिओ, ज्यात प्रत्येक गाठीपासून कंगोरे निघताना दिसतील, आणि एका गाठीवर ॲसिटोनचा कापूस फिरवून दाखवायला सांग. त्याने तसं विचारलं. निळ्या टिक आल्या, उत्तर नाही.