घरच्या डिस्क जपायच्या कशा: नवी डीव्हीडी, आयएसओ की एमपीफोर?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापुरातल्या शाहूपुरीत मावशीच्या घरात शिरलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात तिच्या लग्नाची व्हीसीडी आणि धाकट्याच्या मुंजीची डीव्हीडी होती. दोन्ही साध्या पाण्यानं धुतल्या, मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसल्या. डीव्हीडी चालली. व्हीसीडीचा ओला कागद सोलताना मात्र खालचा चंदेरी पापुद्राही हातात आला आणि हळदीचा अर्धा कार्यक्रम त्याच्याबरोबर गेला. व्हीसीडी म्हणजे व्हिडिओ असलेली सीडीच, आणि सीडीत माहितीचा थर लेबलाच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो. म्हणून घरात दोन्ही असतील तर आधी व्हीसीडीला हात घाला.

कोऱ्या डीव्हीडीवर दुसरी प्रत काढणं सर्वांत सोपं वाटतं. आजीला फक्त प्लेअरच जमत असेल तर एक जरूर काढा. पण तेवढ्यावर विसंबू नका. आपण लिहितो त्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि दमटपणा त्याला मानवत नाही, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. शिवाय नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो.

माझी पसंती आयएसओला. म्हणजे अख्खी डिस्क जशीच्या तशी एका फाइलमध्ये: मेनू, प्रकरणं, सगळं. चित्राचा दर्जा तसूभरही उतरत नाही आणि व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये ती थेट उघडते. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची, म्हणजे एक टीबीच्या हार्ड डिस्कवर दोनशेच्या आसपास मावतात. एक अडचण हमखास येते. पेन ड्राइव्हवर जागा असूनही ‘फाइल फार मोठी’ असा संदेश येतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीवरची फाइल तो घेतच नाही. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा, पण आतलं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवून. व्हीसीडीची रचना वेगळी, तिच्यासाठी आयएसओ नको, बिन-क्यू अशी जोडफाइल काढा.

एमपीफोर ही साधी व्हिडिओ फाइल फोनवर आणि टीव्हीवर लगेच चालते, व्हॉट्सॲपवर तुकडे पाठवता येतात. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसं आहे. पण यात फाइल लहान करण्यासाठी चित्र पुन्हा दाबलं जातं आणि गेलेले बारकावे परत येत नाहीत. जुन्या कॅमेऱ्याचं चित्रण एकाआड एक ओळींचं असतं, त्यामुळे हलत्या हातातल्या बांगड्यांना कंगव्यासारखे दात दिसतात. या ओळी जुळवून घेणारा डीइंटरलेसचा पर्याय सुरू ठेवा. एमपीफोर नेहमी आयएसओवरून करा आणि ती झाली म्हणून आयएसओ पुसू नका.

विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कचं गणित निराळं. तिच्यावर बहुधा प्रत काढू न देणारं सीएसएस नावाचं कुलूप असतं. १९९६ पासूनचं हे ४० बिटांचं कुलूप १९९९ मध्येच फुटलं. तरीही नुसत्या फाइली कोऱ्या डिस्कवर उतरवल्या तर त्या चालत नाहीत. किल्ल्या डिस्कच्या आतल्या कडेला वेगळ्या जागी असतात आणि बाजारातल्या कोऱ्या डिस्कवर ती जागा आपल्याला लिहिताच येत नाही. ब्लू-रेवरचं एएसीएस हे १२८ बिटांचं, आणखी कडक. व्हीसीडीवर असं कुलूप नसतंच, आणि फोटोग्राफरनं दिलेल्या लग्नाच्या डीव्हीडीवर सीएसएस नसतं.

कुलूप तोडण्याआधी कायदा बघा. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ ए आलं: हक्कभंगाच्या हेतूनं असं संरक्षण तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी वाजवी वापराची मुभाही आहे. पण घरच्या प्रतीच्या चार प्रती होऊन मित्रांकडे गेल्या की ती मुभा उरत नाही. सिनेमा पुन्हा विकत मिळत असेल तर मी तोच घेईन. मावशीची हळद कुठल्याच दुकानात मिळणार नाही, म्हणून वेळ तिच्यावर घालवा.

उरलेल्या व्हीसीडीवर मी खराब डिस्क वाचून काढणारं एक सॉफ्टवेअर रात्रभर लावून ठेवलं. ओरखड्यापाशी न अडता ते पुढचं वाचून घेतं आणि मग मागे वळून पुन्हा प्रयत्न करतं. सकाळी अक्षता पडतानाचा प्रसंग सलग मिळाला. आता एक हार्ड डिस्क मावशीच्या माळ्यावर आहे, दुसरी कागलला मामांकडे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं, तेव्हा मावशीनं आधी गॅसची टाकी वर नेली.